हिरवा लाइट म्हणजे चालू झालं का? पहिल्या राउटरचा पहिला शनिवार

नेहमीप्रमाणे, ज्यांना कानात इअरफोन घालायची सोय नाही त्यांच्यासाठी या भागाचं लिखित रूप. बोललो तसंच ठेवलंय, फक्त मधले "म्हणजे" आणि "अॅक्च्युअली" थोडे कमी केलेत. थोडेच हां.

सुरुवात घरापासून करतो. दोन महिन्यांपूर्वी आम्ही घर बदललं. नवीन फ्लॅटमध्ये फायबरचं कनेक्शन घ्यायचं होतं. बसवायला एक दादा आले, ड्रिलने भोक पाडलं, पिवळी वायर आत घेतली, राउटर भिंतीवर टांगला. "दोन मिनिटं थांबा, लाइट येतील." लाइट आले. एक, दोन, तीन, सगळे हिरवे. दादांनी मोबाइलवर त्या लाइटचा फोटो काढला, कंपनीच्या ॲपवर टाकला, "झालं सर" म्हणाले आणि गेले. अकरा वाजता माझ्या धाकट्या बहिणीचा ऑनलाइन इंटरव्ह्यू होता. पावणेअकराला कळलं की वायफाय दिसतंय, फोन जोडला जातोय, पण एक पानही उघडत नाहीये. पोरगी जिन्यात बसली, माझ्या फोनच्या हॉटस्पॉटवर, वर पाण्याच्या टाकीचा आवाज, आणि तिथून तिने इंटरव्ह्यू दिला. नंतर समजलं, राउटर ठणठणीत होता, वायरही ठीक होती, फक्त आमचं खातं त्यांच्या यंत्रणेत सुरूच केलेलं नव्हतं.

त्या दिवशी मला प्रश्न पडला. "चालू झालं" असं आपण म्हणतो, तेव्हा नक्की काय चालू झालेलं असतं? आणि हा प्रश्न पहिल्यांदा कोणाला पडला असेल? मग वाचायला बसलो आणि थेट १९६९ च्या ऑगस्टमध्ये जाऊन पोचलो. लॉस एंजेलिस. शनिवार.

आधी थोडी पार्श्वभूमी, पटकन उरकतो. अमेरिकेच्या संरक्षण खात्यात आर्पा नावाची संशोधनाला पैसे देणारी संस्था होती. तिच्या पैशांवर वेगवेगळ्या विद्यापीठांत मोठमोठे कॉम्प्युटर चालायचे आणि ते एकमेकांशी बोलत नव्हते. प्रत्येकाची भाषा वेगळी, कंपनी वेगळी. आर्पामधले बॉब टेलर आणि लॅरी रॉबर्ट्स यांना हे सगळे जोडायचे होते. पण विद्यापीठवाल्यांना आपल्या महागड्या कॉम्प्युटरवर हे जादा ओझं नको होतं. तेव्हा वेस्ली क्लार्क नावाच्या गृहस्थांनी सुचवलं की मोठ्या कॉम्प्युटरना हात लावूच नका. प्रत्येक ठिकाणी एक छोटा वेगळा कॉम्प्युटर ठेवा, निरोप घ्यायचा आणि पुढे द्यायचा एवढंच त्याचं काम. मोठे कॉम्प्युटर या छोट्याशी बोलतील, आणि छोटे आपापसांत.

हा जो छोटा, तोच आपल्या राउटरचा खापरपणजोबा. नाव इंटरफेस मेसेज प्रोसेसर, आयएमपी. सगळे त्याला "इंप" म्हणत. १९६८ मध्ये १४० कंपन्यांना विचारणा गेली आणि काम मिळालं केंब्रिज, मॅसॅच्युसेट्समधल्या बोल्ट, बेरानेक अँड न्यूमन या कंपनीला. तिला बीबीएन म्हणूया. एक गंमत सांगतो. मॅसॅच्युसेट्सचे सिनेटर टेड केनेडी यांनी बीबीएनला अभिनंदनाची तार पाठवली, त्यात "इंटरफेस"च्या जागी "इंटरफेथ" पडलं. म्हणजे कंपनी आंतरधर्मीय निरोप्या बनवतेय म्हणून अभिनंदन! ऑटोकरेक्ट नसतानाही असं व्हायचं, बघा.

आता हा "छोटा" म्हणजे केवढा? मोठ्या फ्रीजएवढा. वजन ४०० किलोच्या वर. हनीवेल कंपनीच्या डीडीपी-५१६ या कॉम्प्युटरवर तो बेतलेला होता, आणि तोही लष्करी वापरासाठीच्या मजबूत लोखंडी कपाटात, वर उचलायला कड्या लावलेल्या. मेमरी १६ बिटांचे १२ हजार शब्द, आपल्या हिशोबात साधारण २४ केबी. तुमच्या आत्याने सकाळी पाठवलेला गुड मॉर्निंगचा फोटो याच्या कितीतरी पट मोठा असतो.

एवढी मजबूत पेटी का? त्यामागे फ्रँक हार्ट. बीबीएनच्या टीमचे प्रमुख. या माणसाचा एकच ध्यास होता, यंत्र बंद पडता कामा नये. इंप विद्यापीठात जाणार, तिथे कुतूहलाने भरलेली पोरं, त्यांनी बटणं दाबली, झाकण उघडून बघितलं, तर? आपल्या घरी कसं, "राउटरला हात लावू नकोस" असं बाबा म्हणतात, अगदी तसंच. शिवाय यंत्र एका टोकाला आणि ते समजणारी माणसं हजारो किलोमीटरवर दुसऱ्या टोकाला. म्हणून यंत्राने स्वतःच सुरू व्हायचं आणि अडखळलं तर स्वतःच सावरायचं, असं हार्ट यांनी ठरवलं होतं.

पण सुरुवातच खराब झाली. हनीवेलकडून जो पहिला नमुना आला, तो चालेचना. आतल्या वायरी चुकीच्या जोडलेल्या. बेन बार्कर नावाच्या तरुणाने बसून त्या एकेक काढून पुन्हा जोडल्या. आणि ते झाल्यावर खरी डोकेदुखी सुरू झाली. यंत्र व्यवस्थित चालायचं, तासन् तास चालायचं, आणि मध्येच, काही कारण नसताना, थांबायचं. दिवसातून एखाद्या वेळी. ज्यांनी कधी घरातली अशी "अधूनमधून" येणारी बिघाडाची तक्रार केलीय त्यांना कळेल, याहून वाईट काही नाही. कारण दुरुस्तीवाला समोर उभा असताना ते हमखास चालतं!

सेव्हेरो ऑर्नस्टीन आणि बार्कर याच्या मागे लागले. कारण सापडलं ते फार मजेशीर आहे. इंपला बाहेरून येणारे सिग्नल आतल्या घड्याळाला विचारून येत नाहीत. क्वचित कधी असं व्हायचं की बाहेरचा सिग्नल आणि आतल्या घड्याळाचा ठोका अगदी एकाच क्षणी यायचे. मग आधी कोण, हे ठरवणारं सर्किटच गोंधळायचं. लग्नाच्या हॉलच्या दारात दोन पाहुणे "आधी तुम्ही", "नाही नाही, तुम्ही" करत अडकतात ना, तसं. हो आणि नाहीच्या मध्ये ते लोंबकळत राहायचं, आणि तेवढ्यात बाकीचं यंत्र वाट चुकायचं. ऑर्नस्टीन पूर्वी वेस्ली क्लार्क यांच्याबरोबर काम केलेले. त्या वर्तुळातल्या लोकांना हा दोष माहीत होता, पण बऱ्याच इंजिनिअरना असं काही असू शकतं हे पटतच नव्हतं. सर्किट बदललं, आणि यंत्र थांबायचं थांबलं.

आता तिकडे लॉस एंजेलिसला काय चाललं होतं ते बघा. यूसीएलए विद्यापीठ, बोएल्टर हॉल, खोली क्रमांक ३४२०. प्रोफेसर लेनर्ड क्लाइनरॉक यांचे विद्यार्थी. स्टीव्ह क्रॉकर, व्हिंट सर्फ, जॉन पोस्टेल, चार्ली क्लाइन, माइक विंगफिल्ड. पुढे यातली बरीच नावं इंटरनेटच्या इतिहासात मोठी झाली, पण तेव्हा ही आपल्यासारखीच डेडलाइनला घाबरणारी मंडळी. इंप १ सप्टेंबरला येणार होता. तो दिवस सोमवार, अमेरिकेतली कामगार दिनाची सुट्टी. त्यात कानावर आलेलं की बीबीएनला काहीतरी टायमिंगचा त्रास होतोय. मग काय, क्रॉकर यांनी मनातल्या मनात जादाचे काही दिवस धरूनच टाकले. सबमिशनच्या आदल्या दिवशी "सर आजारी आहेत म्हणे" अशी बातमी आली की कसं वाटतं, तसं!

आणि बीबीएनने दोष दुरुस्त करून यंत्र विमानात चढवलं. शनिवार, ३० ऑगस्ट १९६९. इंप दोन दिवस *आधी* दारात हजर.

पोरांची तंतरली. विंगफिल्डने इंप आणि विद्यापीठाचा सिग्मा ७ कॉम्प्युटर यांना जोडणारं हार्डवेअर तयार ठेवलं होतं, पण सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांना धडकीच भरली. इंप ढकलत खोलीत आणला, प्लग लावला.

आणि इथे ती गोष्ट घडली, जिच्यासाठी मी हा भाग करतोय. इंप सुरू झाला. पण नुसता सुरू झाला नाही. केंब्रिजमध्ये प्लग काढताना त्याचा प्रोग्रॅम जिथे थांबला होता, तिथूनच तो पुढे चालू लागला. मध्ये अख्खा अमेरिका खंड ओलांडलेला.

हे कसं शक्य आहे? तेव्हाची मेमरी आजच्यासारखी नव्हती. तिला कोअर मेमरी म्हणत. डोरल्यातल्या काळ्या मण्यांपेक्षाही बारीक लोहचुंबकी कड्या, त्यांतून ओवलेल्या तारा. प्रत्येक कडी एका दिशेने चुंबकित असेल तर शून्य, उलट दिशेने तर एक. वीज गेली तरी चुंबकपणा जात नाही. म्हणजे यंत्र बंद झालं तरी मेमरी तशीच. त्यात वीज जातेय असं कळलं की शेवटच्या क्षणात आवरतं घ्यायचं, आणि आली की आपोआप पुन्हा चालू व्हायचं, अशी सोय बीबीएनने ठेवलेली. आजच्या राउटरची रॅम वीज गेली की कोरी होते. रोज सकाळी उठून "मी कोण?" इथून सुरुवात! त्या बाबतीत खापरपणजोबा आपल्यापेक्षा पुढे होते असं माझं स्पष्ट मत आहे.

पण थांबा. यंत्र स्वतःशी चालू झालं, एवढंच सिद्ध झालं होतं. माझ्या घरच्या हिरव्या लाइटएवढंच.

खरी परीक्षा मंगळवारी, २ सप्टेंबरला. सिग्मा ७ आणि इंप जोडायचे. खोलीत वीसेक माणसं जमली. विद्यापीठाची, बीबीएनची, हनीवेलची, टेलिफोन कंपन्यांची, आर्पाची. क्लाइनरॉक यांनी नंतर सांगितलंय की चाललं नाही तर दुसऱ्याकडे बोट दाखवायला त्यातला प्रत्येक जण तयार होता. हे वाचलं आणि मला आमच्या सोसायटीची आठवण झाली. वायरवाला म्हणतो राउटर खराब, राउटरवाला म्हणतो लाइन खराब, कॉल सेंटर म्हणतं तुमचा फोन खराब. पंचावन्नेक वर्षांत तंत्रज्ञान कुठल्या कुठे गेलं, पण ही खोली अजून तशीच आहे! असो. त्या दिवशी कोणाला बोट दाखवावं लागलं नाही. बिट इकडून तिकडे जाऊ लागले.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला दुसरा इंप स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये बसला. दोघांच्या मध्ये भाड्याने घेतलेली टेलिफोन लाइन, वेग सेकंदाला ५० किलोबिट. आणि २९ ऑक्टोबर १९६९, रात्री साडेदहा. ही गोष्ट तुम्ही ऐकली असेल. चार्ली क्लाइनने यूसीएलएमधून "लॉगिन" टाइप करायला घेतलं. पलीकडे बिल ड्युव्हल, कानाला फोन. एल पोचलं? पोचलं. ओ पोचलं? पोचलं. जी टाइप केलं आणि यंत्रणा कोसळली. इंटरनेटवरचा पहिला निरोप "लो". सगळे इथे थांबतात आणि टाळ्या वाजवतात.

पण विचारा ना, कोसळलं कोण? इंप नाही! कोसळला तो पलीकडचा मोठा कॉम्प्युटर. एकेक अक्षर येईल अशा बेताने जागा राखलेली होती, आणि जी आल्यावर त्या प्रणालीने उरलेला शब्द आपणच पूर्ण करून परत पाठवायचा प्रयत्न केला. ती जागा पुरली नाही. साधारण तासाभरात दुरुस्त करून पूर्ण लॉगिन झालंही. निरोप पोचवणारे दोन्ही इंप मात्र आपलं काम करत होते. त्यांच्याबद्दल कोणी बोलत नाही, कारण चालणाऱ्या राउटरबद्दल कोणीच बोलत नाही.

आता हार्ट यांच्या "स्वतः सावरायचं" या हट्टाकडे वळू. इथे मला खरंच मजा आली, जरा सविस्तर सांगतो.

इंपमध्ये एक राखणदार घड्याळ होतं. इंजिनिअर लोक अजूनही त्याला वॉचडॉग म्हणतात. चालू असलेल्या प्रोग्रॅमने ठरावीक काळाने या घड्याळाला "मी आहे" असं सांगायचं. नाही सांगितलं, तर घड्याळ समजायचं की गडी बेशुद्ध पडलाय, आणि ताबा घ्यायचं. मेमरीतला ५१२ शब्दांचा एक कोपरा असा राखून ठेवलेला की तिथे कोणालाच काही लिहिता येणार नाही. तिथला छोटा प्रोग्रॅम जागा व्हायचा आणि कागदी पट्टीवरून सगळं पुन्हा भरून घ्यायचा. पुढे तर शेजारच्या इंपकडूनच प्रोग्रॅम मागून घ्यायची सोय झाली. आमच्या गावी विरजण संपलं की वाटी घेऊन शेजारी जातात, तसं. सगळ्या इंपमध्ये एकच दही, त्यामुळे कोणाकडचंही चालायचं.

मग लाइन. लाइन जिवंत आहे हे कसं कळणार? दर अर्ध्या सेकंदाला प्रत्येक इंप शेजाऱ्याला "हॅलो" पाठवायचा. शेजाऱ्याने "ऐकलं बरं का" असं परत सांगायचं. अडीचेक सेकंद काहीच उत्तर नाही, म्हणजे लाइन मेली असं धरायचं आणि निरोप दुसऱ्या वाटेने पाठवायचे. यात बारकावा लक्षात घ्या. वायर लागलेली आहे का, वीज येतेय का, हे इंप विचारतच नव्हता. तो विचारत होता, *पलीकडच्याने मला ऐकलं का?* माझ्याकडे आलेल्या दादांनी एवढं एक विचारलं असतं तर बहीण जिन्यात बसली नसती.

आणि लाइन गेली तर दोष इंपचा की टेलिफोन कंपनीचा? तर लाइनचं बाहेर जाणारं टोक आपल्याच आत येणाऱ्या टोकाला जोडायचं. आपणच बोलायचं, आपणच ऐकायचं. ऐकू आलं तर आपण ठीक, दोष पुढे. बोट कुठे दाखवायचं हे आता भांडून नाही, मोजून ठरणार होतं. १९७० मध्ये बीबीएनकडे स्वतःचा इंप बसला आणि बाकीचे इंप आपली खबरबात तिथे पाठवू लागले. मग असे प्रसंग यायचे की केंब्रिजमधला माणूस फोन कंपनीला सांगतोय, देशाच्या पार दुसऱ्या टोकाची तुमची लाइन बिघडलीय. फोनवाल्यांना वाटायचं, हा इथे बसून काय थापा मारतोय! बरोबर तो असायचा.

एवढं सगळं करून झालं. तरी एक भोक राहिलं होतं.

हार्वर्डच्या इंपची मेमरी एकदा बिघडली. यंत्र चालू, लाइन चालू, हॅलोला उत्तरही देतंय. पण इंप एकमेकांना आणखी एक गोष्ट सांगायचे, अमुक ठिकाण माझ्यापासून किती लांब आहे. हार्वर्डच्या मेमरीत त्या आकड्यांच्या जागी सगळीकडे शून्य आलं. म्हणजे तो सगळ्यांना सांगू लागला, जगातलं कुठलंही ठिकाण माझ्यापासून शून्य अंतरावर आहे. शेजाऱ्यांनी विश्वास ठेवला. का नाही ठेवणार? आणि नेटवर्कवरचे निरोप हार्वर्डकडे धावू लागले आणि तिथेच गडप होऊ लागले. एक यंत्र, नीट सुरू झालेलं, सगळ्या तपासण्या पास झालेलं, आणि खोटं बोलणारं. त्यानंतर रूटिंगचे निरोप आणि ते बनवणारा प्रोग्रॅम यांची बेरीज जुळतेय का हे वापरण्याआधी ताडून बघणं सुरू झालं.

पुरेसं होतं का? २७ ऑक्टोबर १९८०. अख्खं आर्पानेट काही तास ठप्प. इंप क्रमांक २९ च्या मेमरीतून बिट गळत होते. शेजारच्या ५० क्रमांकाच्या इंपने पाठवलेली एक खबर त्यातून जाताना बिघडली आणि तिच्या तीन आवृत्त्या तयार झाल्या. क्रमांक ८, ४० आणि ४४. नवी खबर कोणती हे इंप या क्रमांकावरून ठरवायचे, आणि ६३ नंतर पुन्हा शून्य, घड्याळाच्या काट्यासारखं. आता त्या नियमाने ८ पेक्षा ४० नवा, ४० पेक्षा ४४ नवा, आणि गंमत म्हणजे ४४ पेक्षा ८ नवा! प्रत्येक इंप प्रत्येक खबर "अरे ही नवीन आहे" म्हणून पुढे ढकलत राहिला. गोल गोल. दुसऱ्या कामाला वेळच उरेना. व्हॉट्सॲपवर तीच अफवा तिसऱ्यांदा फिरते, तसं, पण सेकंदाला अनेकदा.

आणि आपला रामबाण उपाय? बंद करून चालू करा! तो इथे चाललाच नाही. एक इंप बंद करून सुरू केला की शेजारी लगेच त्याला त्याच तीन खबरा द्यायचे. शेवटी एकेका इंपमध्ये दुरुस्ती टाकावी लागली की ५० कडून आलेली खबर ऐकूच नका. बीबीएनच्या एरिक रोझन यांनी या सगळ्याचा प्रांजळ अहवाल लिहिला आणि तो आजही कोणालाही वाचता येतो. आपल्याकडे कुठली सेवा बंद पडली की "तांत्रिक अडचणीमुळे" या दोन शब्दांवर बोळवण होते, म्हणून मुद्दाम सांगितलं.

बरं, आता तुमच्या भिंतीवरच्या डब्याकडे या. स्विच दाबल्यावर ती जी दोन मिनिटं जातात ना, त्यात तो आधी स्वतःला तपासतो. मग ज्याच्यावर सहसा लिहिलं जात नाही अशा मेमरीतला छोटा प्रोग्रॅम जागा होतो. इंपचा तोच राखीव कोपरा! तो मोठा प्रोग्रॅम उचलून रॅममध्ये आणतो. मग फायबरमधून प्रकाश येतोय का बघतो. येत नसेल तर एलओएस नावाचा लाल लाइट. प्रकाश असेल तर पॉन नावाचा लाइट लुकलुकतो, म्हणजे तो कंपनीच्या यंत्राकडे नाव नोंदवतोय. स्थिर झाला की नोंद झाली. त्यानंतर इंटरनेटचा पत्ता मिळणं ही वेगळी पायरी, आणि आमच्याकडे नेमकी तीच राहिली होती. फोनवर वायफायची पट्टी पूर्ण दिसते ती फक्त तुमचा फोन आणि डबा यांच्यातली, हे तर आता सांगायलाच नको.

त्यामुळे कोणी नवीन बसवायला आलं तर फोनचा डेटा बंद करा, त्यांच्यासमोर एखादं पान उघडा, मग प्लग काढा, पुन्हा लावा, आणि सगळं आपोआप परत येतंय का बघा. चहा दिलात तर पाच मिनिटं कोणीही थांबतं.

आमच्या दादांना नंतर परत यावं लागलं. त्यांचीही चूक नव्हती म्हणा, ॲपला फोटोच हवा होता. बहिणीला ती नोकरी मिळाली नाही. दुसरी मिळाली. आणि तो पहिला इंप अजून बोएल्टर हॉलच्या ३४२० मध्ये उभा आहे, त्याच खोलीत, लोकांना बघता यावा म्हणून ठेवलेला.

भेटू पुढच्या भागात. तुमच्या घरच्या राउटरने सगळ्यात वाईट वेळी दगा दिला असेल तर तो किस्सा व्हॉइस नोट करून पाठवा. कंपनीचं नाव नको, किस्सा हवाय!